सचिन हे नाव पाळण्यातून केव्हा उतरले?

कृष्णाकाठ

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या घरी गेल्या पंधरवड्यात मुलगा झाला. पेढे द्यायला ती मंडळी आली आणि अर्थातच नावाचा विषय निघाला. आईवडिलांनी विहान, रेयांश, शिवांश, अद्विक आणि कियान अशी पाच नावे निवडून ठेवली होती. बाळाची पणजी खुर्चीत बसून ऐकत होती. तिचे वय शहात्तर असून कान अजून तिखट आहेत. ती म्हणाली, "सचिन ठेवा की! किती गोड नाव आहे." सगळे हसले. बाळाची आई म्हणाली, "अहो आजी, ते आता काकालोकांचं नाव झालं." एवढे बोलून तिने माझ्याकडे पाहिले आणि जीभ चावली, कारण माझे नाव सचिन आहे. मीही हसलो, पण मंडळी गेल्यावर बराच वेळ तोच विचार डोक्यात राहिला.

माझा जन्म १९७४ सालचा, मिरजेचा. प्राथमिक शाळेत माझ्या वर्गात चार सचिन होते, त्यामुळे आम्हा चौघांना गुरुजींनी कधी नावाने हाक मारल्याचे आठवत नाही. आडनावावरच आमचे शालेय आयुष्य पार पडले. माझा मुलगा यंदा दहावीला आहे. त्याच्या वर्गात अथर्व तीन आहेत, आर्यन दोन आहेत, आणि सचिन एकही नाही. त्याला ठाऊक असलेले सगळे सचिन चाळिशीच्या पुढचे आहेत.

काळाबरोबर नावे बदलतात हे मला मान्य आहे. माझे कोडे निराळे आहे. ज्या काळात सचिन तेंडुलकर या माणसाला सारा देश डोक्यावर घेऊन नाचत होता, नेमक्या त्याच काळात त्याच्याच महाराष्ट्रात हे नाव ठेवणे लोकांनी कमी केले, असे माझ्या आसपास तरी दिसते. एवढा मोठा माणूस झाल्यावर नाव वाढायला हवे होते. ते का वाढले नाही? की हा माझ्या आसपासच्या शहरी घरांपुरताच भास आहे?

तिसरा पंच

मूळ प्रश्नाकडे मी नंतर वळेन. आधी एवढेच सांगा, की वर्गातल्या त्या चार सचिनांपैकी सलामीला कोण जात असे, आणि बाकीच्या तिघांनी ते मुकाट्याने मान्य केले होते का?

कृष्णाकाठ

आमच्या लहानपणी या नावाचा आणि फलंदाजीचा काहीही संबंध नव्हता, हाच तर मुद्दा आहे. मी कायम बारावा गडी असे.

खडूफळा

मी पंढरपूर तालुक्यात शिक्षक आहे आणि अनेक वर्षे मतदार यादीचे काम माझ्याकडे आहे. घरोघर यादी घेऊन फिरणे हे काम कंटाळवाणे असले, तरी नावांची आवड असणाऱ्या माणसाला त्यात एक फायदा आहे. यादीत नाव आणि वय शेजारी शेजारी छापलेले असते. पाने उलटताना वयाचा रकाना झाकून नुसते नाव वाचावे आणि वयाचा अंदाज बांधावा, असा खेळ मी मनाशी खेळतो, आणि बहुतेक वेळा पाच-सात वर्षांच्या आत तो बरोबर येतो.

पंचाहत्तरीच्या पुढे ज्ञानोबा, पांडुरंग, विठ्ठल, एकनाथ आणि नामदेव असतात. आमचा भागच तसा आहे. त्यांच्यातच दगडू, धोंडू, भिकू आणि केरबाही असतात. ज्या घरात आधीची मुले जगली नव्हती, त्या घरात काळाची नजर लागू नये म्हणून मुद्दाम दिलेली ही नावे होती. ही नावे यादीतून कमी होत गेली याचे मोठे कारण फॅशन नसून लसीकरण आणि दवाखाने आहे, असे मला नेहमी वाटते. त्यानंतर साठीच्या आगेमागे सुनील, अनिल, संजय, दिलीप आणि राजेंद्र यांची फौज लागते. चाळीस ते पन्नास या वयात सचिन, संतोष, नितीन, सतीश आणि अमोल भेटतात. तिशीत गणेश, योगेश, राहुल, विशाल असतात, आणि नव्याने नाव नोंदवायला येणारी मुले शुभम, ओंकार, प्रथमेश, ऋषिकेश अशी असतात.

सचिनबद्दल एक गोष्ट मात्र नोंदवतो. वाड्या-वस्त्यांवरच्या याद्यांत पस्तिशीच्या आतले सचिनही मला बऱ्यापैकी आढळतात. म्हणजे शहरातून हे नाव निघाले तेव्हा गावात ते अजून नवे होते. त्यामुळे मूळ धाग्यातले निरीक्षण शहरापुरते बरोबर आहे आणि गावाकडे ते दहा-पंधरा वर्षे उशिरा लागू होते, असे माझे मत आहे.

शब्दवेध

आधी नावाचे मूळ पाहू, म्हणजे काळाचा उलगडा होईल. शची म्हणजे इंद्राणी, आणि शचीन्द्र म्हणजे इंद्र. बंगालमध्ये शचीन्द्र या नावाचे आटोपशीर रूप शचीन असे रूढ आहे आणि त्याचा उच्चार साधारण 'शोचिन' असा होतो. चैतन्य महाप्रभूंच्या आईचे नाव शचीदेवी होते आणि त्यांना शचीनंदन म्हणतात, यावरून तिकडे हा शब्द किती घरगुती आहे हे दिसते. मराठीत येताना 'श'चा 'स' झाला, 'ची' ऱ्हस्व झाली आणि इंद्राशी असलेले नाते पुसले गेले. नावांच्या संकेतस्थळांवर सचिनचा अर्थ 'सत् आणि चित्' असा दिलेला असतो. माझ्या मते तो मागाहून जोडलेला आहे.

हे बंगाली नाव मराठी कानांवर आणणारा मोठा माणूस म्हणजे संगीतकार सचिन देव बर्मन. त्रिपुराच्या राजघराण्यातले, १९०६ साली कोमिल्लात जन्मलेले आणि १९७५ साली मुंबईत वारलेले सचिनदा. कवी आणि प्राध्यापक असलेले रमेश तेंडुलकर त्यांचे चाहते होते, म्हणून २४ एप्रिल १९७३ रोजी जन्मलेल्या धाकट्या मुलाचे नाव त्यांनी सचिन ठेवले, हे सर्वांना माहीत आहे. त्यामुळे 'तेंडुलकरमुळे सचिन' हे समीकरण आपण उलटे वाचायला हवे. सचिन हे नाव फॅशनमध्ये येत होते, म्हणून तेंडुलकर सचिन झाले.

अनघा

शब्दवेध यांच्या पहिल्या परिच्छेदाशी मी सहमत आहे, दुसऱ्याशी अर्धीच. प्राध्यापक तेंडुलकरांच्या घरी संगीतकारावरून नाव ठेवले गेले हे खरे, पण ते घर कवीचे होते. आमच्यासारख्या सामान्य घरांत बर्मन यांना लोक 'एस. डी.' म्हणूनच ओळखत. त्या आद्याक्षरांमागे सचिन दडलेला आहे, याची माझ्या आईला कल्पनाही नव्हती.

आमच्या घरी हे नाव पडद्यावरून आले. राजा परांजपे यांच्या 'हा माझा मार्ग एकला' या १९६३ सालच्या चित्रपटात सचिन पिळगावकर पहिल्यांदा दिसले, तेव्हा ते जेमतेम सहा वर्षांचे होते. श्रेयनामावलीत 'मास्टर सचिन' म्हणून झळकणाऱ्या त्या गोंडस मुलाने आईच्या पिढीला वेड लावले होते. माझ्या भावाचा जन्म १९६८ सालचा, आणि त्याचे नाव आईने त्याच मुलावरून ठेवले, हे ती आजही सांगते. पुढे १९७५ साली 'गीत गाता चल' आला आणि तो मुलगा नायक झाला, तेव्हा आमच्या आळीत सचिनांची दुसरी खेप जन्माला आली. नवजात बाळाचे नाव ठेवताना आईच्या डोळ्यांपुढे एखादे देखणे मूल असणे जितके स्वाभाविक आहे, तितका पन्नाशी ओलांडलेला संगीतकार असणे नाही.

शब्दवेध

अनघा यांचा मुद्दा मला पटला. मी एका प्रसिद्ध घराच्या हकिकतीवरून सगळ्या महाराष्ट्राचा निष्कर्ष काढत होतो. तरीही माझे मुख्य म्हणणे त्यामुळे पक्केच होते: ही लाट तेंडुलकरच्या बॅटीच्या आधीची आहे. १५ नोव्हेंबर १९८९ रोजी कराचीत तो पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा कृष्णाकाठ आणि त्यांचे तीन नामबंधू पंधरा वर्षांचे होते.

वऱ्हाडी पाहुणा

याच न्यायाने २०२४-२५च्या हंगामात केरळच्या क्रिकेट संघाचा कर्णधार असलेल्या सचिन बेबीचे उदाहरण घ्या. त्याचा जन्म डिसेंबर १९८८चा आहे, म्हणजे तेंडुलकरच्या पदार्पणाच्या जवळपास वर्षभर आधीचा. तरीही कुणीही पाहिले की म्हणणार, तेंडुलकरवरूनच ठेवले असणार. प्रसिद्ध माणूस आपल्या नावाचा मागचा इतिहाससुद्धा स्वतःच्या खात्यावर जमा करून घेतो.

जाता जाता सांगतो, की हाच सचिन बेबी २०२४-२५च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात आमच्या नागपुरात ९८ धावांवर बाद झाला, आणि पहिल्या डावातल्या आघाडीवर करंडक विदर्भाकडे आला. नव्वदीत बाद होण्याची परंपरा त्याने नावासकट चालवली. विषय सोडून बोललो, पण विदर्भाच्या माणसाला एवढी मुभा असावी.

दूरदेशी

मी न्यू जर्सीत राहतो. इकडे अशा चर्चांना एक सोय आहे. अमेरिकेचे सामाजिक सुरक्षा खाते दर वर्षी बाळांच्या नावांची यादी जाहीर करते, तिची मागची आकडेवारी १८८० सालापर्यंत जाते, आणि एखाद्या वर्षी किमान पाच बाळांना दिलेले प्रत्येक नाव तीत सापडते. मायकल हे नाव १९६१ ते १९९८ इतकी वर्षे सलग मुलांमध्ये पहिले होते आणि आता ते बरेच खाली उतरले आहे. इथे माझ्या कार्यालयात मायकल नावाचे जितके लोक आहेत, ते सगळे साधारण आपल्या सचिनांच्याच वयाचे आहेत. त्यांच्या मुलांच्या शाळेत मात्र लियाम आणि नोआ भरले आहेत.

नावांच्या फॅशनचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञांचे एक निरीक्षण इथे उपयोगी पडेल. नट किंवा खेळाडू नाव जन्माला घालत नाही, आधीच चढत असलेल्या नावाला तो फार तर धक्का देतो. आणि उतरणीला लागलेल्या नावाला कितीही मोठा माणूस परत वर ढकलू शकत नाही, अशी त्याला मी माझी पुरवणी जोडतो. दुर्दैवाने भारतात अशी वार्षिक यादी निघत नाही, त्यामुळे खडूफळा यांची मतदार यादी हाच आपला सर्वांत चांगला पुरावा आहे.

नोंदणी बाबू

यादी काढायची म्हटली तरी ती अपुरीच राहील, हे मी अनुभवाने सांगतो. एका नगरपरिषदेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कक्षात माझी उभी नोकरी गेली. १९६९च्या कायद्यानुसार जन्माची खबर एकवीस दिवसांत द्यायची असते, पण तोपर्यंत नाव ठरलेले असलेच पाहिजे असे नाही. नावाचा रकाना कोरा ठेवून जन्म नोंदवता येतो. बारा महिन्यांच्या आत नाव कळवले तर शुल्क लागत नाही, आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून ते नोंदवता येते. जुन्या नोंदवह्यांत कोरे रकाने किती असत, हे तुम्हाला सांगून पटणार नाही. शाळेत घालण्याची वेळ आली, की लोक धावत येत.

त्या कोऱ्या रकान्यांमुळे एक गंमत मात्र होत असे. जन्माच्या वेळी घरात एक नाव चाललेले असे आणि चार-पाच वर्षांनी दुसरेच नोंदवले जाई. मधल्या काळात एखादा चित्रपट आलेला असे, किंवा एखादा आजोबा गेलेला असे.

जास्वंद

नोंदणी बाबूंच्या शेवटच्या वाक्यातला 'गेलेला आजोबा' या सगळ्या कोड्याची किल्ली आहे, असे मला वाटते.

आपल्याकडे जिवंत वडीलधाऱ्याचे नाव घरातल्या बाळाला देत नाहीत. आजोबा गेल्यावर नातवाला त्यांचे नाव देण्याची प्रथा पुष्कळ घरांत होती, आणि सुनेने सासऱ्याचे नाव उच्चारायचे नाही म्हणून त्या मुलाला आयुष्यभर बाळ, आप्पा किंवा नाना म्हटले जाई. माझ्या वडिलांचे कागदोपत्री नाव बाळकृष्ण होते, हे मला त्यांच्या सेवानिवृत्तीच्या पत्रिकेवर पहिल्यांदा कळले, कारण आजी त्यांना बाळ म्हणत असे आणि बाकी सगळे बाळासाहेब.

आता हाच नियम सचिनला लावून पाहा. १९६५ ते १९८५ या वीस वर्षांत महाराष्ट्रात इतके सचिन जन्माला आले, की बहुतेक प्रत्येक कुटुंबात एक तरी सचिनकाका, सचिनमामा किंवा आतेभाऊ सचिन तयार झाला. १९९८च्या एप्रिलमध्ये शारजात तेंडुलकरने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ती दोन शतके ठोकली, त्यातले दुसरे पंचविसाव्या वाढदिवशी, तेव्हा आमच्या घरात चुलत जावेला दिवस गेले होते. चाळीत फटाके फुटत होते, घरातला प्रत्येक जण सचिनच्या नावाने ओरडत होता. पण बाळाला ते नाव देण्याचा प्रश्नच आला नाही, कारण ओरडणाऱ्यांत बाळाचा सख्खा काका सचिन स्वतः होता. बाळाचे नाव ओंकार ठेवले.

जिथे हे नाव आधी फारसे नव्हते, तिथे वाट मोकळी होती. उत्तरेत आणि दक्षिणेत वीस-तीस वर्षांचे सचिन मला सहज भेटतात. थोडक्यात, तेंडुलकरच्या कीर्तीचा फायदा या नावाला महाराष्ट्राबाहेर झाला, आणि महाराष्ट्रात मात्र त्याच्या आधीच्या पिढीने जागा अडवून ठेवली होती.

कृष्णाकाठ

जास्वंद, हे मला सुचले नव्हते. माझ्या सख्ख्या पुतण्याचा जन्म १९९९चा. तेव्हा वहिनीने "भावजींचं नाव कसं ठेवणार?" असे म्हटल्याचे मला आता आठवते. म्हणजे त्या नावाच्या वाटेत मीच उभा होतो.

तिसरा पंच

म्हणजे बारावा गडी असूनही तुम्ही धावबाद केलेत.

नागनदी

चर्चेत एक पदर राहून गेला आहे, म्हणून लिहितो. साठ-सत्तर वर्षांपूर्वी महाराष्ट्रात मुलाच्या नावावरून त्याची जात, निदान त्याचा थर, बराचसा कळत असे. विनायक आणि दत्तात्रय यांचा पत्ता वेगळा असे, दगडू आणि बबन यांचा वेगळा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धर्मांतर झाल्यावर आमच्या घरांनी नावे जाणीवपूर्वक बदलली. सिद्धार्थ, गौतम, आनंद, राहुल आणि मिलिंद ही नावे तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या चालत आली आहेत. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव दिले, ते मिलिंद राजा आणि भिक्खू नागसेन यांच्यातल्या ज्ञानाच्या वादसंवादाची आठवण म्हणून. आमच्या घरांत त्या नावाला त्यामुळे एक वजन आहे. पुढे राहुल, सिद्धार्थ आणि मिलिंद ही नावे सगळ्याच समाजांत गेली, हेही चांगलेच झाले.

सचिनचे वैशिष्ट्य असे, की त्या नावाला सुरुवातीपासूनच कुणाचा शिक्का नव्हता. त्यात देवाचे थेट नाव नाही, गावच्या दैवताचा संदर्भ नाही, घराण्याची आठवण नाही. माझ्या वस्तीत सचिन होते, शेजारच्या पाटलांच्या वाड्यात होते, शाळेतल्या मुख्याध्यापकांच्या घरातही होते. हजेरीत 'सचिन' एवढेच पुकारले, तर कुणाच्याही कपाळावर काही लिहिलेले दिसत नसे. आडनाव पुकारले की दिसत असे. कृष्णाकाठ यांचे गुरुजी चार सचिनांना आडनावाने हाक मारत, हे वाचून त्यांना गंमत वाटली असेल. मला त्या वयात तशी हाक नकोशी होती.

कृष्णाकाठ

नागनदी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्या चौघांपैकी एकाला आडनावाची हाक ऐकल्यावर काय वाटत असेल, याचा मी पन्नास वर्षांत विचार केला नव्हता.

कुंभेचा चंद्र

कुंभ राशीच्या मुलांना गो, सा, सी, सू आणि से, सो, दा ही अक्षरे येतात, त्यामुळे शततारकेवर जन्मलेल्या मुलाला 'स'चे नाव शोधताना पूर्वी सचिन हमखास पुढे येत असे. आता त्या जागेवर समर, सार्थक आणि साईश आले आहेत. नावरसाचे अक्षर तेच राहिले तरी त्या अक्षरातली नावे बदलतात.

खडूफळा

राशीचे नाव बहुधा पत्रिकेतच राहते आणि हाक दुसऱ्याच नावाने मारली जाते, असा माझा अनुभव आहे. तसे नसते, तर माझ्या एका वर्गात पाच अथर्व एकाच नक्षत्रावर जन्मले, असे मानावे लागेल.

तिसरा पंच

क्रिकेटपटूंवरून नावे ठेवण्याचा विषय आहे, तर सुनील गावस्कर यांचे उदाहरण विसरून कसे चालेल? त्यांनी मुलाचे नाव रोहन जयविश्व ठेवले. रोहन हे वेस्ट इंडीजच्या रोहन कन्हायवरून, जय हे जयसिंहांवरून आणि विश्व हे विश्वनाथवरून. हा मुलगा १९७६चा. त्यानंतरच्या वीस वर्षांत मराठी घरांत रोहन किती झाले, ते आठवून पाहा. गयानात ऊसमळ्यावर गेलेल्या भारतीयांच्या वंशातले नाव मुंबईमार्गे पुणे-नाशकापर्यंत पोचले, असा माझा तर्क आहे. शब्दवेध 'रोहन हा मूळचा संस्कृत शब्द आहे' असे म्हणणार, हे मी आधीच गृहीत धरतो.

आणि सचिन हे गावाचेही नाव आहे, हे इथे कुणी लिहिले नाही म्हणून लिहितो. मुंबईहून सुरतेला जाताना नवसारी सोडले की सचिन नावाचे रेल्वे स्थानक लागते. तिथे पूर्वी संस्थान होते, आणि १७९१ साली ते मिळाले ते आपल्या जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या माणसाला. आमचे एक काका त्या स्थानकावर उतरून पाटीसोबत छायाचित्र काढून आले आणि पुढची गाडी दोन तासांनी होती.

शब्दवेध

रोहन हा मूळचा संस्कृत शब्द आहे. रोहण म्हणजे चढणे. तरीही तर्क आवडला.

वऱ्हाडी पाहुणा

न्यूझीलंडच्या रचिन रवींद्रचे काय? राहुलचा 'र' आणि सचिनचा 'चिन' घेऊन ते नाव बनवले, असे समालोचक दर सामन्याला सांगतात.

दूरदेशी

त्याचा जन्म १९९९ साली वेलिंग्टनचा आहे, म्हणून ती कथा अगदी चपखल बसते. पण त्याच्या वडिलांनीच २०२३च्या विश्वचषकानंतर खुलासा केला, की नाव आईने सुचवले होते, ते ऐकायला चांगले आणि लिहायला सोपे वाटले म्हणून ठेवले, आणि त्यात दोन क्रिकेटपटू दडले आहेत हे काही वर्षांनी लक्षात आले. वऱ्हाडी पाहुण्यांनी सचिन बेबीबद्दल जे म्हटले, त्याचाच हा दुसरा पुरावा आहे. आम्ही परदेशातले मराठी लोक नाव निवडताना आधी एकच पाहतो, की इथल्या शिक्षिकेला ते पहिल्या दिवशी उच्चारता येईल का. त्या परीक्षेत सचिन बऱ्यापैकी उत्तीर्ण होतो. माझ्या मुलाचे हृषीकेश मात्र दर सप्टेंबरला नापास होते.

शब्दवेध

नव्या नावांबद्दल माझी एक तक्रार आहे. ती वयोमानाने आलेली असू शकते, तरी मांडतो. अक्षय कुमार यांच्या मुलाचे नाव आरव आहे, आणि २००२ नंतर हे नाव झपाट्याने पसरले. संकेतस्थळांवर त्याचा अर्थ 'शांत' असा दिलेला असतो. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, आरडाओरडा, गलका. आईवडिलांनी शांत मूल मागितले आणि नावातून गोंगाट घरी आणला. रेयांश आणि अयांश या नावांची फोड विचारली, तर प्रत्येक जण वेगळी सांगतो. कशाचा तरी अंश आहे, एवढेच निश्चित असते.

अनघा

शब्दवेध, आपणच वर लिहिले आहे, की सचिनमध्ये 'श'चा 'स' झाला, इंद्र गळून पडला आणि अर्थ मागाहून चिकटवला गेला. मग रेयांशच्या आईवडिलांनी वेगळे काय केले? माझ्या आजीला १९६८ साली सचिन हे नाव ऐकून "हे कसलं बाई नाव, ना देवाचं ना धर्माचं" असे वाटले होते. नाव ठेवणाऱ्याला मुख्यतः नाद हवा असतो, आणि अर्थाची विचारणा पाहुणे करतात.

शब्दवेध

निरुत्तर झालो आहे. आरवबद्दलची तक्रार मात्र मागे घेत नाही.

खडूफळा

जास्वंद यांच्या 'जिवंत काका' नियमाला अपवाद दाखवतो. बीडचा सचिन धस २००५चा आहे. २०२४च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात उपांत्य सामन्यात त्याने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा केल्या. त्याच्या वडिलांनी तेंडुलकरवरूनच त्याचे नाव ठेवले आणि तो पाठीवर दहा क्रमांकच लावून खेळत होता. म्हणजे मराठवाड्यात २००५ सालीही असे घर होते, ज्याला हे नाव जुने वाटले नाही.

जास्वंद

अपवाद मान्य आहे. त्या वडिलांना मुलात तो खेळाडूच पाहायचा होता, आणि तसा हेतू असला की काका-मामांचा हिशेब कुणी करत नाही. पण अशी घरे थोडी. तेंडुलकर भक्तांपैकी बहुतेकांनी भिंतीवर चित्र लावले आणि पाळण्यावर दुसरे नाव लिहिले. एवढ्या मोठ्या माणसाचे नाव मुलावर लादले तर त्याला शाळेत पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत झाल्यावर काय ऐकावे लागेल, ही धास्तीही असणार. खुद्द तेंडुलकरांनी मुलाचे नाव अर्जुन ठेवले.

नोंदणी बाबू

मूळ प्रश्नाकडे येऊन विचारतो. तिसऱ्या मजल्यावरच्या बाळाचे पुढे काय झाले? बारसे झाले का?

कृष्णाकाठ

बारसे बाराव्या दिवशी होणार होते, ते पुढे ढकलले गेले. विहान आणि रेयांश यांच्यात बरोबरी झाली असून दोन्हीकडच्या आज्या परस्परविरुद्ध बाजूंना आहेत. रुग्णालयातून जन्माची नोंद नाव न घालताच गेली आहे. नोंदणी बाबूंचा बारा महिन्यांचा नियम मी त्यांना सांगितला, ही बहुधा माझी चूक झाली, कारण आता कुणालाच घाई उरलेली नाही.

या धाग्यावर अनघा यांनी मास्टर सचिनबद्दल लिहिले, तेव्हा मला शंका आली म्हणून काल मी मुद्दाम वर जाऊन पणजींशी बोललो. तुम्हाला हे नाव तेंडुलकरवरून सुचले का, असे विचारले. त्यांनी विचारले, "तो कोण, क्रिकेटवाला? नाही हो." त्या चौदा वर्षांच्या असताना त्यांनी थोरल्या बहिणीबरोबर 'हा माझा मार्ग एकला' पाहिला होता आणि त्यातले पोर पाहून, आपल्याला मुलगा झाला तर त्याचे नाव हेच ठेवायचे, असे तिथल्या तिथे ठरवले होते. १९६९ साली मुलगा झाला, पण त्याच वर्षी सासरे वारले होते, म्हणून सासूबाईंनी गजानन हे नाव पाळण्यात घातले. सुनेला ते नाव तोंडाने घेता येत नव्हते. मग त्या मुलाला हाक काय मारत होतात, असे मी विचारले.

"बाळच म्हणत होते," त्या म्हणाल्या. "कुणी जवळ नसलं की सचिन म्हणायचे."

गजाननराव शेजारच्याच खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनाही हे काल प्रथमच कळले. सध्या तरी त्या पणतवाला मांडीवर घेऊन उघडपणे सचिन म्हणतात, आणि अकरा महिने हातात असल्यामुळे त्यांना कुणी अडवत नाही.

तिसरा पंच

बारशाच्या दिवशी धागा वर काढावा. आणि रेयांश ठरल्यास त्याची फोड शब्दवेध यांना आधी कळवू नये.